वाटणीला आलेला पक्ष

अक्का, दहाव्याला आपल्या नाशकाच्या गंगेवर कावळा काही शिवेना. गुरुजींनी पिंड मांडले, आम्ही सगळे मागं सरकलो, कावळे समोरच्या भिंतीवर येऊन बसले, माना वाकड्या करून बघायला लागले, पण एकही खाली उतरेना. तिकडं मांडवात श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. दोन्हीकडचे लोक आले होते. तिन्हीकडचे म्हणायला हवं, कारण तुझ्या पक्षाचे आता दोन झालेत. जन्मभर तू ज्यांच्या सभांना सतरंज्या घातल्यास त्यांच्या हाती माईक आल्यावर थांबवणार कोण? एक जण तर तुझ्या स्वभावाचं वर्णन करताना 'शांत, मितभाषी' असं म्हणाला. मला हसू फुटलं आणि हे तुला सांगावं म्हणून मी मागं वळून बघितलं. तू तिथं नसणार हे ठाऊक असूनही वळले.

मग नेहमीसारखं सुरू झालं. जीव कशात अडकलाय ते शोधा म्हणे. वैशाली सिन्नरहून आलेली, रडून रडून डोळे सुजलेले, ती पुढं झाली. "आई, मी पप्पांकडं बघीन, तू काळजी करू नको." कावळे ढिम्म. आमचे हे म्हणाले, "वहिनी, तुमचा मोगरा मोडणार नाय." तरी ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी तुझे हे, भाऊजी, पुढं झाले. इतके दिवस एक अक्षर बोलले नव्हते ते. हात जोडून म्हणाले, "सुमन, तुझं काम बंद पडू देणार नाय. तुझ्या जागेवर मंदाला बसवतो." आणि कावळा शिवला.

सगळ्यांच्या तोंडून एकदम सुस्कारा निघाला. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, पक्षात जीव होता बाईचा. मी मात्र बघत होते, अक्का. भाऊजी उभे राहिले तेव्हा गुरुजींनी हात करून मांडवातला माईक बंद करायला लावला होता. इतका वेळ कर्णा त्या कावळ्यांच्या डोक्यावर ओरडत होता. तो गप्प झाला तेव्हा कुठं त्यांना भूक आठवली. पण हे मी कोणाला सांगू? सबंध घाटानं डोळ्यांनी बघितलेलं. एका कावळ्यापायी मी तुझ्या जागेवर बसायला बांधली गेले.

आणि ती जागा कुठली म्हणतेस? नगरसेवक बापूंच्या नव्या पक्षातली. जिथं तू गेलीच नाहीस तिथली. तू जिवंत असताना त्यांना जे जमलं नाही ते आता तुझ्या नावावर माझ्याकडून करून घ्यायचं होतं. तेराव्यापर्यंत कोणी बोललं नाही. नंतर काय झालं ते सांगायला म्हणून मी हे लिहायला बसले, पण आधी थोडी रडून घेते, मग मागचंही थोडं बोलू.

तात्यांनी जमिनीची वाटणी कधी होऊ दिली नाही. पक्षांची मात्र केली. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या निवडणुकीची गोष्ट. सासऱ्यांनी बोलावलं म्हणून आपण दोघी डोक्यावर पदर घेऊन ओसरीवर जाऊन उभ्या राहिलो. तात्या म्हणाले, "मोठीनं ह्या पक्षात जायचं, धाकटीनं त्या. घराला दोन दारं पाहिजेत. कोण निवडून येईल सांगता येत नाय. विहिरीच्या मोटारीचा विजेचा डीपी जळला, रस्ता अडला, तर फोन लावायला घरात माणूस पाहिजे." पुरुषांनी उघड बाजू घेतली की वैर होतं, बायकांचं कोणी मनावर घेत नाही, असा त्यांचा हिशेब. मी भीत भीत विचारलं, "मला त्या पक्षाचं काय माहीत?" तर म्हणाले, "ह्या घराचं तरी काय माहीत होतं? आलीस ना?"

तू तोंडाला पदर लावून हसलीस. मी नवीन, मला वाटलं तू मला हसतेस. आत गेल्यावर तू म्हणालीस, "अगं, मला तर दळण कोणी आणायचं ते सांगतायत असं वाटलं." चारचौघांत मी तुला अहो अक्का म्हणायची, पण मळ्यात आपण अगं-तूगं केलं ते त्या दिवसापासून.

असं काही आपल्याच घरी होतं असं नाही म्हणा. आपल्या बाजूला बघितलं तर घरटी असंच. थोरला इकडं, मधला तिकडं, आणि तिसरा भाऊ असला तर तो अपक्ष. पण दोन जावांनी एकाच स्कूटरवरून दोन पक्षांच्या प्रचाराला जाणं हे आपलंच. गाडी मी चालवायची. गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर तू उतरायचीस, पिशवीतून पक्षाचं उपरणं काढून गळ्यात घालायचीस, पदर सारखा करायचीस आणि माझ्याकडं अशी बघायचीस जशी काही ओळखच नाही. मी पुढच्या चौकात जाऊन माझं घालायची. मी घरोघर पत्रकं द्यायला गेले की बायका म्हणायच्या, "सकाळी तुमच्या जाऊबाई येऊन गेल्या, तुमच्या पक्षाला शिव्या घालून." मी विचारायची, "काय काय म्हणाल्या?" कारण संध्याकाळी भाकरी थापताना ते तुला जसंच्या तसं ऐकवायचं असायचं.

एकदा कोपरासभेत तू फारच पेटलीस. ह्या लोकांनी वॉर्डाचं वाटोळं केलं, ह्यांना पुन्हा दारात उभं करू नका, असं सगळं. मी पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते. परत येताना गाडीवर मागून तू हळूच विचारलंस, "तुला लागलं नाय ना गं?" मी म्हटलं, "मला कशाला लागेल, मी काय केलंय?" तू म्हणालीस, "तेच तर. तू काहीच करत नाहीस." तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं. तुला मात्र तेव्हापासूनच काहीतरी वेगळं दिसायला लागलं असणार.

मला जे दिलं होतं ते मी सांभाळलं. सभेला जायचं, पुढच्या ओळीत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, डीपी जळला की फोन लावायचा. तू तसं केलं नाहीस. फूलबाजारात पहाटे पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना जायला आडोसा नव्हता. आपण दोघीही कितीतरी वर्षं सकाळी पाण्याचा घोट न घेता शेवंती विकायला बसलोय. तू ते बापूंकडं नेलंस. बापू तेव्हा आपले नगरसेवक, तुझ्या पक्षाचे. ते म्हणाले, निवडणुकीनंतर बघू. निवडणूक झाली, निवडून आले, तर म्हणाले, बजेटनंतर बघू. मग त्यांचा वाढदिवस आला. दरवर्षी त्यांचा तो भलामोठा हार आपल्या बाजारातल्या बायका ओवायच्या, चार माणसांनी उचलावा लागायचा. तू एकेकीला जाऊन सांगितलंस, औंदा सुई धरायची नाय. बापूंच्या माणसांना वाटलं भाव वाढवायला रुसल्यात. भाव वाढवून दिला. तरी कोणी ओवेना. नाशकात नेत्याचा वाढदिवस आणि गळ्यात हार नाही म्हटल्यावर काय शोभा राहते? बापू स्वतः आले, पाटीशेजारी उकिडवे बसले आणि तुझ्याशी बोलले. पुढच्या चैत्रात बांधकाम झालं, दोनच दारांचं, पण कडी आतून लागणारं.

उद्घाटनाला बापूंनी फीत कापली आणि तू मागं उभी होतीस. परत येताना गाडीवर म्हणालीस, "मंदा, तात्यांनी दिला तेव्हा तो त्यांचा पक्ष होता. आता माझा हाय." मी समोर बघत गाडी चालवत होते. त्या क्षणी तुझा मला हेवा वाटला, अक्का. साडी, दागिना, माहेर, कशाचाच कधी वाटला नव्हता.

तुझा हा बाणेदारपणा आठवला की मला ती संक्रांत आठवते आणि मग रडताना हसू येतं. माझ्या पक्षाची सदस्य नोंदणी मोहीम चालू होती. वरून सांगून आलं, हळदीकुंकू ठेवा, बायका येतील, वाण द्या आणि मोबाइलवर नोंदणी करून घ्या. मी आपल्याच अंगणात ठेवलं. मोठी जाऊ म्हणून पहिलं हळदीकुंकू तुलाच लावायचं. पक्षाकडून आलेल्या मुलीनं तुला तिळगूळ दिला, वाणाचा डबा हातात दिला आणि विचारलं, "काकू, नंबर सांगता? वाण दिल्याची नोंद ठेवायचीय." तू नंबर सांगितलास. फोनवर आलेले आकडेही सांगितलेस. मग फोन परत एकदा वाजला. तुझा चष्मा घरात, म्हणून आपल्या दीपालीनं, माझ्या सुनेनं, मेसेज मोठ्यानं वाचला. "अभिनंदन! आपण आमच्या पक्षाच्या परिवारात सामील झाला आहात."

सगळं अंगण खो खो हसलं. तू तिळगूळ हातात धरून नुसती बसून राहिलीस. मग डोळे भरले तुझे. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नीट साडी नेसून दारात उभी. "चल, माझं नाव काढून दे." आपण माझ्या पक्षाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवाल्यानं खाली-वर बघितलं आणि म्हणाला, "मावशी, नाव घालायची सोय दिलीय. काढायची सोय नाही दिलेली."

"मग माणूस मेलं तर?" तू विचारलंस.

"मेल्यावर तक्रार करायला कोण येतं, मावशी?"

तू बाहेर आलीस. गाडीवर बसलीस. थोडं पुढं गेल्यावर माझ्या पाठीशी काहीतरी हलायला लागलं. मला वाटलं तू रडतेस. बघते तर हसत होतीस. इतकी हसलीस की मला गाडी बाजूला घ्यावी लागली आणि मग आपण दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हसत सुटलो. वाणाचा डबा मात्र तू परत केला नाहीस. त्यात मेतकूट भरून ठेवलंस. म्हणालीस, पक्ष वाईट असला म्हणून डबा वाईट नसतो. तुझ्या नवव्या दिवशी माझ्या पक्षाचा तुला मेसेज आला, सन्माननीय सदस्य म्हणून बैठकीला हजर राहावे. भाऊजींनी तो बघितला आणि फोन माझ्या हातात दिला.

मग तुझा पक्ष फुटला आणि बापू फुटून निघालेल्या नव्या पक्षात गेले. त्यांच्यासारखे तेव्हा राज्यात कितीतरी इकडचे तिकडं जात होते. सकाळी एक बातमी यायची, संध्याकाळी दुसरी. बापूंबरोबर तुझी सगळी शाखाच निघाली. बापू जिकडं तिकडं आपण, असं सगळ्या म्हणत होत्या. घरातही तेच ठरलं. तात्या तेव्हा राहिले नव्हते, पण त्यांचा हिशेब राहिला होता. गंगापूर रोडच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये पक्षप्रवेश होता. मी तुला सोडायला आले आणि पाठीमागच्या दारात थांबले. एकेकीचं नाव पुकारलं जात होतं, बाई वर जाई, बापू गळ्यात नवं उपरणं घालत, फोटो निघे, पुढची. तुझं नाव आलं. तू वर गेलीस. बापूंनी उपरणं उचललं, फोटोवाल्यानं फोटो काढला, आणि तू हात पुढं करून ते उपरणं हातातच घेतलंस. घडी घातलीस. आपण साडीची घालतो तशी, काठाला काठ जुळवून. आणि तबकात परत ठेवलंस. काहीतरी बोललीस, ते माईकला पोचलं नाही. लोकांना वाटलं बाईनं मानानं डोक्याला लावून ठेवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीवर मी विचारलं, "काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, बापू, माझ्याकडं हाय एक."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. उपरणं धरलेले बापू, समोर तू. खाली प्रवेश केलेल्यांच्या नावांत तुझंही नाव. तू म्हणालीस, छापू दे, मला तर माहीत हाय. पण तोच फोटो आता त्यांच्या कामाला येणार होता.

भाऊजी चिडले. एक दार बंद केलंस म्हणाले. बापूंकडं सत्ता, आणि तू त्या चार खुर्च्यांच्या पक्षात. शेजारच्यांनी वशिला लावून डीपी स्वतःच्या मळ्यात नेऊन बसवला तेव्हा तर घरात भांडणच झालं. मला सांगण्यात आलं, तुझं ऐकते ती, तू समजाव. मी शेवंतीच्या वाफ्यात तुझ्याबरोबर फुलं तोडत होते तेव्हा विषय काढला.

"अक्का, जाऊन ये ना तिकडं. नावापुरती. आपल्याला काय, घराचं काम व्हायला पाहिजे."

"तुला काय वाटतं?"

"तेच सांगतेय ना. घराला..."

"घराला राहू दे गं. तुला?"

मी म्हटलं, "सांगते नंतर, आधी हे तोडून होऊ दे, गाडी येईल." आणि पुढच्या सरीत गेले. तूही पुढं काही विचारलं नाहीस. भांडण अर्धंच राहिलं आपलं. रागावून नाही, कामात राहिलं. तुझ्याशी पुरतं भांडायला मला अजून खूप वर्षं आहेत असंच मी धरून चालले होते.

त्यानंतरही तू तुझ्या बैठकांना जात राहिलीस. मी सोडायला यायची. कोणाच्या तरी पडवीत प्लॅस्टिकच्या थोड्या खुर्च्या, तुम्ही मोजक्या बायका, एक म्हातारे शाळामास्तर. मी बाहेर गाडीवर बसून राहायची आणि तुमचा आवाज ऐकायची. कधी कधी हसणं यायचं आतून. माझ्या पक्षाच्या बैठकीत भरपूर लोक आणि कोणी हसत नाही. परतताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवायचीस. अजूनही गाडी चालवताना डावा खांदा मी थोडा खाली धरते. दीपाली परवा म्हणाली, "आई, तुम्ही वाकड्या का बसता?"

आणि ती सकाळ. चहाची कपबशी हातात, छातीत कळ आली म्हणालीस, आणि गाडी दवाखान्यापर्यंत पोचेपर्यंत संपलं. मी तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. तुझ्या केसात शेवंतीची एक पाकळी अडकलेली होती, ती मी काढली नाही. बाकी त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

तर, काय झालं ते सांगते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बापू आले. पाठीमागं माणसं, तबकात नारळ आणि नवं उपरणं. अंगणात खुर्च्या टाकल्या. आधी दुःखाचं बोलणं झालं, मग बापूंनी खिशातून फोन काढला आणि बॅनर कसा होणार ते दाखवलं. वर तो हॉलमधला फोटो, तू आणि ते. खाली मी, हात जोडलेली. मध्ये लिहिलं होतं, सुमनताईंचं अधुरं कार्य पुढं नेण्यासाठी. पुढचंही घरात ठरून गेलं होतं. मी तुझ्या जागी गेले की माझा पक्ष रिकामा पडणार, तिथं दीपालीला घालायचं. तिचं मतदार यादीतलं नाव अजून माहेरी देवळ्याला आहे, ते इकडं आणायचं. पोरीला अजून कोणी विचारलंही नव्हतं. ती चहा करत होती.

बापू म्हणाले, "वहिनी, अक्कांचीच इच्छा ही. कावळ्यानं साक्ष दिलीय, अजून काय पाहिजे?"

भाऊजी खाली बघत होते. आमचे हे माझ्याकडं बघत होते. ह्या घरात इतकी वर्षं मी नाही म्हटलेलं कोणाला आठवत नसेल. मलाही आठवत नव्हतं. पण तबकातलं ते उपरणं बघितलं, बॅनरवरचा तुझा चेहरा बघितला, आणि वाटलं, आज मी गप्प बसले तर हे लोक चौकाचौकात तुला बापूंच्या शेजारी टांगतील आणि पुढं सगळे म्हणतील, सुमनताईसुद्धा शेवटी गेल्याच तिकडं. ते खोटं आहे हे सांगायला आता माझ्याशिवाय कोणी नाही.

मी म्हटलं, "बापू, अक्का तुमच्याकडं आल्या नव्हत्या."

"स्टेजवर होत्या की. फोटो हाय."

"होत्या. तुम्ही उपरणं दिलं, ते त्यांनी घडी करून तबकात ठेवलं. त्या काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय. मी दारात उभी होते."

बापूंनी फोन खिशात ठेवला. मागच्या माणसांतला एक जण कसनुसा हसला.

"त्या बोलायला नाहीत म्हणून त्यांना आता नेऊ नका," मी म्हटलं. "फोटो लावू नका. आणि मी येणार नाही. मी कुठंच नाही. माझ्या पक्षाला पण तसंच कळवणार हाय."

हे म्हणाले, "अगं, भाऊनं गंगेवर शब्द दिलाय."

"त्यांनी दिला. मी नाही दिला."

"मग दीपालीचं काय?"

"तिला विचारा. घरातच हाय ती."

दीपाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळे एकदम तिच्याकडं वळले. ती म्हणाली, "माझं नाव मी आणीन इकडं. पण पक्षाचं मला नाही जमणार आत्ता. आधी बघू द्या." आणि सगळ्यांना चहा दिला, बापूंना बिनसाखरेचा, कारण त्यांना मधुमेह आहे हे तिला माहीत आहे. बापूंनी चहा संपवला. नारळ आपल्याकडं ठेवून गेले, उपरणं घेऊन गेले. तेवढं शहाणपण त्यांच्यात आहे, मला त्यांना नावं ठेवायची नाहीत.

संध्याकाळी भाऊजी तुझ्या मोगऱ्यापाशी बसले होते. मी चहा घेऊन गेले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी शब्द दिला होता तिला."

मी म्हटलं, "भाऊजी, तिनं मागितला होता का?"

त्यांनी विचार केला. "नाय," म्हणाले. "तिनं कधी काय मागितलंच नाय. मी रागावलो तेव्हाबी नुसती जेवायला वाढत राहिली." मग डोळे पुसले. पुरुष पुसतात तसे, धूळ गेल्यासारखे. मीही रडले. आम्ही दोघं तुझ्यामागं एकत्र असे पहिल्यांदाच रडलो.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग आता तू मत कोणाला देणार?"

"ते सांगायचं नसतं, भाऊजी."

आणि भाऊजी हसले, अक्का. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "तीबी हेच म्हणायची. एवढा संसार झाला, मला एकदाबी सांगितलं नाय."

मी चक्रावून बघत राहिले. मी आपली धरून चालले होते की तुझं मत तुझ्याच पक्षाला. आता ते विचारायची सोय राहिली नाही. पण माझं तुला सांगते, आणि हे भाऊजींना, ह्यांना, कोणालाच माहीत नाही. फूलबाजारातली ती दोन दारं उघडली त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मी गळ्यात माझं उपरणं घालून प्रचार केला, आणि आत जाऊन तुझ्या चिन्हाचं बटण दाबलं. तू पलीकडच्या रांगेत उभी असायचीस, माझ्याकडं अशी बघायचीस जशी काही ओळखच नाही.

निवडणूक परत येतेय. ह्या वेळी तुझ्याकडं बघून ठरवता येणार नाही, माझं मलाच ठरवावं लागेल. ठरवीन. आणि ठरल्यावर, अक्का, तुलासुद्धा सांगणार नाही.